आजारी पाळीव उंदीर खाणं पुन्हा पुन्हा सोडतो: काय तपासायचं आणि कसं भरवायचं

उंदीर खात नाही असं दिसलं की घरात पहिली धाव सिरिंजकडे जाते. पेज करायची, सिरिंजमध्ये भरायची, तोंडात सोडायची. घात इथेच होतो. अंग गार पडलेल्या, धापा टाकणाऱ्या किंवा घशात घास अडकलेल्या उंदराच्या तोंडात अन्न सोडलं तर ते फुप्फुसात उतरतं, आणि जो अजून दिवस-दोन दिवस तग धरू शकला असता तो तासाभरात हातातून जातो. म्हणून क्रम पाठच करून ठेवा: आधी श्वास, मग ऊब, मग पाणी, मग वेदना, आणि सगळ्यात शेवटी अन्न.

इथे उंदीर म्हणजे दुकानात फॅन्सी रॅट म्हणून मिळतो तो, पाव ते अर्धा किलो वजनाचा. पिटुकल्या माऊसला तत्त्वं हीच लागू पडतात, खाली दिलेली मापं नाहीत.

आधी वजन

धडधाकट मोठा उंदीर दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं खातो आणि ३० ते ४० मिली पाणी पितो. बहुतेक खाणं रात्रीचं असतं. मात्र वाटी रिकामी झाली यावरून काही ठरवू नका. उंदीर साठा करतो, घास उचलून कपड्याच्या घडीत नेऊन ठेवतो. पिंजऱ्यात दोघं असतील तर एकाचा वाटा दुसरा संपवतो. खरं काय ते सांगतो स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काट्यावर खोल डबा ठेवून आकडा शून्य करा, उंदराला आत बसवा, वजन वहीत लिहा. रोज त्याच वेळी, भरवण्याआधी.

वजन १० टक्के उतरलं, म्हणजे ४०० ग्रॅमचा उंदीर ३६० वर आला, की डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. २० टक्के उतरलं तर जीव धोक्यात आहे. पण वजन उतरायची वाट पाहत बसायचंही कारण नाही. रात्रभर वाटी तशीच राहिली आणि सकाळी उकडलेल्या अंड्याचा तुकडाही नाकारला, तर त्याच दिवशी निघा.

मादीच्या बाबतीत एक फसवणूक हमखास होते. स्तनाची गाठ माद्यांमध्ये फार आढळते आणि ती भराभर वाढते. काट्यावर वजन स्थिर दिसतं, प्रत्यक्षात गाठ वाढत असते आणि मादी झिजत असते. अशा वेळी पाठीचा कणा आणि माकडहाडाजवळची हाडं बोटाने चाचपा. टोकदार लागली तर काट्यावरचा आकडा बाजूला ठेवा.

नेमकं कुठे अडतंय

‘खात नाही’ या दोन शब्दांत चार-पाच वेगळे आजार दडलेले असतात. आवडीचा मऊ घास नाकापुढे धरा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा.

घासाकडे येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, किंवा मऊ खातो पण कडक सोडतो: दात बघा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. वरखालच्या जोड्या एकमेकींवर घासल्या गेल्या नाहीत तर ते वळून टाळूत किंवा ओठात रुततात. खालचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असणं आणि दातांचा रंग पिवळा-नारिंगी असणं हे नैसर्गिक आहे, त्याला घाबरू नका. वाढलेले दात नेलकटरने मात्र कापू नका. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तिथे गळू होतं. डॉक्टर तो दंतवैद्यकीय चक्रीने घासून देतात.

येतो, खायची इच्छा दिसते, पण घास पंजात धरता येत नाही, पुढचे पाय ताठ झालेत, डोकं खाली झुकतंय: म्हाताऱ्या उंदरात, विशेषतः मादीत, हे पिट्युटरी ग्रंथीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठीचं नेहमीचं चित्र आहे. मान तिरकी, गोल गोल फिरणं, लोळणं असेल तर आतल्या कानाचा संसर्गही असू शकतो. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून डॉक्टर बरेचदा कानाचे उपचार आधी सुरू करतात. गाठीवर कॅबरगोलिन किंवा प्रेडनिसोलोन या औषधांनी काही काळ आराम पडतो. या उंदरांना भूक असते. दाट मिश्रण उथळ बशीत, तोंडाच्या पातळीवर धरलं तर अनेक जण स्वतःहून खातात.

हनुवटी छातीशी ओढून घेतो, तोंडातून लाळ गळते, पंजाने तोंड खरवडतो: घास अडकलाय. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोळीचा सुका तुकडा, शेंगदाण्याचं बटर, कोरडा लाडू घशात बसतो. लगेच सगळं खाणं आणि पाणीही काढून घ्या. वरून पाणी पाजणं इथे घातक आहे. शांत अंधाऱ्या जागी ठेवा, लाळ पुसत राहा. बहुतेक वेळा घास हळूहळू मोकळा होतो. हिरड्या किंवा पंजे निळसर दिसले तर तातडीने दवाखाना.

श्वास घेताना कुशी आत-बाहेर होतात, खर्र आवाज येतो, नाकाडोळ्यांभोवती लालसर पापुद्रा जमतो: श्वसनाचा आजार. तो लाल पदार्थ रक्त नसून पॉर्फिरिन असतो, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतो. आजार आणि ताण असला की वाढतो, कारण उंदीर अंग स्वच्छ करणं थांबवतो. उंदीर एरवी नाकानेच श्वास घेतो. नाक बंद झालं की घास चघळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही, म्हणून तो खाणं सोडतो.

आणि घासाकडे बघतही नाही, पाठ वाकवून, केस फुलवून कोपऱ्यात बसलाय: हे वेदनेचं, तापाचं किंवा आतल्या अवयवाच्या बिघाडाचं लक्षण. वेदना ओळखायला चेहरा बघा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. तिच्यात चार गोष्टी आहेत: डोळे मिचमिचलेले, नाक आणि गाल सपाट झालेले, कान वळून एकमेकांपासून दूर गेलेले, मिशा ताठ. यातल्या दोन-तीन एकत्र दिसल्या तर वेदनाशामकाशिवाय तो उंदीर खाणार नाही. कितीही चविष्ट द्या.

ऊब आणि पाणी

तोंड उघडून श्वास घेणाऱ्या उंदराला पकडून भरवू नका, पकडण्याची धडपडच त्याला संपवू शकते. त्याला ऑक्सिजनची गरज आहे. डबा झाकून, हवा खेळती ठेवून थेट दवाखान्यात.

श्वास ठीक असेल तर कान, पंजे, शेपूट हाताला कसे लागतात ते बघा. गार लागले तर गरम पाण्याची बाटली सुती फडक्यात गुंडाळून डब्याच्या एकाच अर्ध्या भागात ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. गार शरीरात पोट काम करत नाही, अन्न आत तसंच पडून आंबतं. उलट एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात हाच उंदीर उष्माघाताने खाणं सोडतो. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीवाटे उष्णता बाहेर टाकतो. अंग तापलेलं, उंदीर सपाट पसरलेला असेल तर शेपूट आणि पाय साध्या पाण्याच्या फडक्याने ओले करा. बर्फ नको.

मग पाणी. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, लघवी गडद झाली, तर शरीर सुकलंय. औषधाच्या दुकानातलं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच कालवा. छोटं माप करायला जाऊन मीठ जास्त पडतं. दर अर्ध्या तासाला अर्धा ते १ मिली, थेंबाथेंबाने. फारच मलूल असेल तर हिरड्यांना साखरपाण्याचं बोट लावा, पण गिळता येत नसेल तर तोंडात द्रव सोडू नका. डॉक्टर कातडीखाली सलाईन देऊ शकतात. एका वेळी १० मिलीच्या आसपास दिलं तर पाठीवर उंटाच्या मदारीसारखा उंचवटा येतो आणि काही तासांत जिरतो. हे खूप कामाचं आहे, स्वतःहून विचारा. उत्साहात येऊन उंदीर पुन्हा खायला लागण्याचं श्रेय अनेकदा अन्नाला नसून या सलाईनला असतं.

मिश्रण कोणतं, किती

३०० ग्रॅमच्या आजारी उंदराला दिवसाला साधारण ३० ते ४५ किलोकॅलरी लागतात. त्याच्या पोटात एका वेळी आरामात ३ मिलीच मावतं. म्हणजे पातळ पेज दिली तर दिवसभर भरवूनही तो उपाशीच राहतो. भात-पेजेवर ठेवलेले उंदीर वेळापत्रक पाळूनही वाळत जातात ते याचमुळे. मिश्रण घट्ट ऊर्जेचं हवं:

लहान बाळाचं तांदळाचं तयार सिरियल १० ग्रॅम, उकडलेल्या अंड्याचा बलक ५ ग्रॅम, साजूक तूप किंवा तेल १ ग्रॅम म्हणजे पाव चमच्याहून थोडं कमी, आणि कोमट पाणी २५ मिली. बलक आधी थोड्या पाण्यात घोटा, सगळं एकत्र करून चहाच्या गाळणीतून गाळा. साधारण ३८ मिली होतं, दर मिलीला जेमतेम पावणेदोन किलोकॅलरी. दाटपणा घावनाच्या पिठाएवढा. दर तीन तासांनी ३ मिली, असं आठ वेळा दिलं की २४ मिली आणि ४० किलोकॅलरी होतात. पहिल्या दिवशी याच्या निम्मंच द्या. रिकाम्या पोटावर एकदम भार टाकला की जुलाब लागतात.

डॉक्टरांकडे मांजर-कुत्र्यांचं आजारपणातलं मऊ डबाबंद खाणं मिळालं तर तेही चालतं, पाण्यात घोटून. सशांसाठीची गवताची भुकटी मात्र उंदरासाठी नाही, उंदीर सर्वभक्षी आहे. दूध टाळा. केलेलं मिश्रण बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. फ्रिजमधलं एका दिवसात संपवा आणि देताना मनगटावर थेंब टाकून कोमट आहे ना ते बघा.

सिरिंज

आधी चमचा, मग बोट, आणि शेवटी सिरिंज. अनेक उंदीर बोटावरचं चाटतात आणि स्वतः चाटलेलं सहसा चुकीच्या नळीत जात नाही. सिरिंज १ मिलीची, सुई वेगळी निघणारी घ्या. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई बहुधा चिकटलेली असते, ती नको.

उंदराला छोट्या पंचात सैल गुंडाळून मांडीवर चार पायांवर बसलेल्या स्थितीतच ठेवा. उताणं धरून कधीही भरवू नका. पुढच्या दातांमागे बाजूला एक मोकळी फट असते. सिरिंजचं टोक तिथून आडवं, गालाच्या दिशेने आत घाला, घशाच्या दिशेने नव्हे. ०.१ मिली सोडा. जीभ हलली, गिळल्याचं दिसलं की पुढचा ०.१. तीन मिली द्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, लागू द्या. कमी वेळात झालं तर बहुधा घाई झालेली असते.

सिरिंजचा काळा रबर दोन-तीन वेळा धुतल्यावर अडकायला लागतो. जोर लावावा लागतो, मग तो एकदम सुटतो आणि अर्धा मिली अन्न एका झटक्यात घशात जातं. फुप्फुसात अन्न जाण्याच्या घटनांमध्ये हे कारण सगळ्यात टाळता येण्याजोगं आहे. रबराला खायच्या तेलाचा थेंब लावा, दोन-तीन दिवसांनी सिरिंज बदला, आणि तोंडात घालण्याआधी प्रत्येक वेळी वाटीत दाबून बघा. मिश्रणाची गुठळी अडकली असेल तर ती तिथेच कळेल.

नाकातून मिश्रण आलं किंवा टकटक आवाज ऐकू आला तर लगेच थांबा, डोकं किंचित खाली करून नाक पुसा. पुढचे दोन दिवस श्वासावर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. भरवून झालं की हनुवटी आणि छाती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. वाळलेल्या अन्नाखाली कातडी सोलवटते, आणि पावसाळ्यात माश्या बसतात.

औषधामुळेच खाणं सुटलं असेल तर

आवडत्या खाण्यात कडू औषध मिसळणं ही दुसरी मोठी चूक. उलटी करता येत नसल्यामुळे विषापासून उंदराचा बचाव चवीच्या आठवणीवर चालतो. नवीन पदार्थ तो आधी चिमूटभरच खाऊन बघतो, आणि त्यानंतर बरं वाटलं नाही तर ती चव कायमची टाळतो. जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली हेच प्रयोगाने दाखवलं: गोड पाणी पिताना उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, आणि पुढे त्या उंदरांनी गोड पाणीच टाळलं. तुमच्या मिश्रणात एन्रोफ्लॉक्सॅसिन हे कडू अँटिबायोटिक घातलं तर तेच होतं, उंदीर औषधही सोडतो आणि एकमेव खाणंही. औषधासाठी वेगळी चव ठेवा, थोडा मध किंवा पिकलेलं केळं, आणि ती जेवणात वापरू नका.

डॉक्सिसायक्लीन आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन ही दोन्ही औषधं कॅल्शियमला चिकटतात आणि मग शरीरात नीट शोषली जात नाहीत. दूध, दही आणि बाळाच्या सिरियलमध्येही कॅल्शियम असतं. औषध आणि मिश्रण यांत दोन तासांचं अंतर ठेवा. औषध वेळेवर दिलं तरी गुण येत नाही, या तक्रारीत हे तपासून बघाच.

वेदनाशामक मेलॉक्सिकॅमची उंदराची मात्रा किलोमागे कुत्र्याच्या कित्येक पट असते. साधारण १ ते २ मिलिग्रॅम सांगितली जाते, कुत्र्याला ०.१ ते ०.२. कुत्र्याच्या हिशेबाने दिलं तर वेदना राहतेच. डॉक्टरांशी हे मोकळेपणाने बोला आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये, मिलीमध्ये आणि बाटलीवरच्या तीव्रतेसह लिहून घ्या, कारण इतक्या छोट्या मापात दशांश चिन्ह सरकलं की दहापट फरक पडतो. सुकलेल्या उंदराला मेलॉक्सिकॅम दिल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून आधी पाणी. प्रेडनिसोलोन चालू असताना ते देत नाहीत. घरातल्या माणसांच्या गोळ्या अंदाजाने मुळीच नकोत.

शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं तर नम्रपणे विचारा. उलटीचा धोका नसल्याने उंदराला तशा उपवासाची गरज नसते आणि तो त्याला परवडतही नाही. शस्त्रक्रियेनंतर अन्न सोडून अंथरुणाचा कागद किंवा भुसा चघळू लागला तर ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक दिलं होतं का ते विचारा. उंदरात त्या औषधाचा हा परिणाम माहितीतला आहे. तेवढ्यापुरतं अंथरूण काढून साधं कापड घाला.

बरा होतो, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच

याचं सगळ्यात नेहमीचं कारण मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू. बहुतेक पाळीव उंदरांच्या शरीरात तो असतोच, आणि उपचाराने दबतो, समूळ जात नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून अमॉक्सिसिलिनसारखी पेशीभित्तिकेवरच घाव घालणारी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्यांनी सोबतचे इतर जिवाणू मरतात, चार दिवस बरं वाटतं, आणि मूळ दुखणं उसळून येतं. डॉक्सिसायक्लीन, बरेचदा एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या जोडीने, आणि तेही आठवड्यांच्या हिशेबाने, हे यावरचं नेहमीचं औषध. खायला लागला म्हणून पाचव्या दिवशी बंद केलेला कोर्स म्हणजे पुढच्या आजारपणाची तयारी.

दुसरं कारण पिंजऱ्यात असतं. लघवीतला अमोनिया या आजाराला खतपाणी घालतो. पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर तुम्हाला वास आला तर तो चोवीस तास त्यात झोपणाऱ्याला केव्हाच बाधलेला असतो. आजारी उंदराचं कापड रोज बदला. पाइन आणि देवदाराचा भुसा, फिनेल, धूप, डासांची कॉइल त्या खोलीतून कायमची हलवा. फक्त ही कॉइल दुसऱ्या खोलीत गेल्याने खरखर कमी झालेले उंदीर कमी नाहीत.

शांत जोडीदार असेल तर त्याला सोबत राहू द्या. उंदीर कळपातला प्राणी आहे, एकटं ठेवल्यावर तो आणखी मिटून जातो. जोडीदार घास हिसकावत असेल किंवा टाके चावत असेल तरच जेवणापुरतं वेगळं करा. स्वतःचे हात धुवा. चावा लागून नंतर ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर उंदीर चावल्याचं तुमच्या डॉक्टरांना सांगा.

खाणं परतू लागलं की सिरिंज एकदम बंद करू नका. वजन तीन दिवस स्थिर राहिलं की एक वेळ कमी करा, पुन्हा तीन दिवस बघा. रात्रीची भरवणी आधी सोडा, कारण रात्री तो स्वतः खायला लागण्याची शक्यता जास्त.

डॉक्टर मिळत नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत फोन करून उंदीर तपासतात का ते विचारा. वजनाची वही सोबत न्या.

भरवणं थांबवायचं कधी

उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. वेदनाशामक योग्य मात्रेत चालू आहे, सलाईन दिलंय, तरी तीन-चार दिवस वजन उतरतंच आहे, तो तोंड फिरवतो, जोडीदाराकडेही जात नाही, श्वासासाठी झगडतो, तर सिरिंजने आपण त्याचा त्रास लांबवत असतो. अशा वेळी दयामरणाबद्दल विचारण्यात काहीही कमीपणा नाही. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्या: आधी गॅसची भूल, पूर्ण बेशुद्ध झाल्याची खात्री, आणि मगच इंजेक्शन. जागेपणी हृदयात टोचणं फार वेदनादायक असतं. परत आणल्यावर शरीर थोडा वेळ जोडीदाराच्या पिंजऱ्यात ठेवा. तो हुंगतो, कधी चाटतो, मग बाजूला होतो. न दाखवता नेलं तर काही उंदीर जोडीदाराला शोधत राहतात. त्या जोडीदाराचंही वजन पुढचे दोन आठवडे रोज करा.